आखाड्यावरची वाटाघाट

इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर आमच्या कुरुंदा गावात मला इंग्रजी बोलायचा प्रसंग एकदाच आला. हैदराबादची कुठलीशी परिषद आटोपून दोन पाहुणे हळद शिजवताना बघायला येणार होते, आणि दुभाषी म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं. एक बाई आफ्रिकेतल्या एका लहान देशाच्या अर्थखात्यात अधिकारी होत्या. दुसरे गोरे साहेब, त्या देशाला कर्ज दिलेल्या एका श्रीमंत देशाचे. दोघं एकाच गाडीतून आले होते आणि एकमेकांशी फक्त हवेबद्दल बोलत होते.

शेजारच्या काकांच्या शेतात, आखाड्यावर म्हणजे गोठ्यापुढच्या मोकळ्या जागेत हळद शिजत होती. हळद शिजवायचा पिंपाएवढा कुकर बघून झाला, चहा झाला. काकांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, हे दोघं बोलून काहून न्हाई राहिले?"

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तीन वर्षं बोलतोच आहोत. आमच्यावरचं कर्ज कमी करा म्हणून."

मला दुसरा शब्द सुचला नाही. मी काकांना म्हणाले, "कर्जमाफी मागताहेत."

त्यासरशी कामावरचे चार-पाच जण कुकर सोडून जवळ आले.

"अर्ज भरला का?" एकानं विचारलं.

बाई म्हणाल्या, भरला.

"निकष लावले असतील."

"लावले. खर्च कमी करा म्हणाले. मग आम्ही दवाखान्यांत नवीन नर्स घेणं बंद केलं."

"यादीत नाव आलं?"

"पडताळणी चालू आहे."

"तसंच असतंय," काका म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "ह्यांना इचारा, तुमी त्यांचे दवाखाने बघून आलात का?"

पाहुण्यांना असं विचारणं मला जड गेलं. मी साहेबांना विचारलं की, बाईंचा सुंदर देश पाहायची संधी आपल्याला मिळाली का. साहेब हसून म्हणाले, दुर्दैवानं अजून नाही.

बाई माझ्याकडे बघत होत्या. "ह्या शेतकऱ्यांनी नक्की हेच विचारलं?"

मी नाही म्हणाले. पस्तीस वर्षं मुलींच्या चुका काढल्या होत्या. माझी अशी कुणी काढली नव्हती. मग काकांचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला.

साहेबांचे कान लाल झाले. कर्ज देणाऱ्या सगळ्या देशांची माणसं आमच्या राजधानीत असतात, म्हणून बैठका तिथंच होतात, असं ते म्हणाले.

"म्हंजे दर खेपेला ह्यांनीच जायचं," काका म्हणाले. "तुमी एकदा तिकडं जाऊन या." आवाजात राग नव्हता. शेजाऱ्याला बांध बघून ये म्हणावं, तसं म्हणाले.

साहेब म्हणाले, जाईन. बाईंनी ते तारीख घालून वहीत लिहिलं आणि वही साहेबांपुढे धरली. त्यांनी वाचून मान डोलावली.

वर्षभरानं बाईंचा ईमेल आला. साहेब येऊन गेले होते. दोन दिवस दवाखान्यांतून फिरले. कर्ज माफ झालं नाही, मुदत वाढली. नर्स घ्यायची बंदी मात्र उठली.

काका तेव्हा शिजलेली हळद वाळत घालत होते. मी त्यांना वाचून दाखवलं.

"कर्जाचं पुनर्गठन झालं म्हनायचं."

"व्हय," मी म्हणाले.

"नर्सा घेतल्या का?"

"घेऊन राहिलेत."

"मंग बरं झालं," म्हणून त्यांनी मला ताडपत्रीचं एक टोक धरायला दिलं.