ग्वारीघाटचं पाणी रामटेकला

तिसरी घंटा झाली आहे असं समजा. पडदा सरसर वर जातो. जबलपूरच्या कांचघर वस्तीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. खिडकीच्या काचांवर लढाईतल्या ब्लॅकआउटचे काळे कागद अजून तसेच. आढ्याच्या कडीला ग्वारीघाटावरून भरून आणलेला तांब्याचा एक चंबू टांगलेला, आणि त्याच्यासमोर स्टुलावर, उघड्या अंगाने, हातात तापवलेलं लोखंड घेऊन उभे आहेत आपले नायक, अंबादास खडतकर. चंबूचं झाकण कथलाने झाळून बंद करणं चाललं आहे.

"काहून जी, एवढं घट्ट करून राहिले?" स्वयंपाकघराच्या विंगेतून शरयूबाईंचा प्रवेश. "पाणी न्यायचं आहे की दारूगोळा?"

"सडक खराब आहे. सांडलं तर?"

अंबादास गन कॅरेज फॅक्टरीत झाळकाम करायचे. लढाईच्या महिन्यात भोंगा कधी वाजला आणि कधी नाही, याचं भान कोणाला राहिलं नव्हतं. पत्र्याचे डबे झाळायचे, हौदात बुडवायचे, बुडबुडा आला तर पुन्हा झाळायचे. तिकडे सीमेवर धाकटा भाऊ श्यामसुंदर लढत होता, आणि त्याची काहीच खबर नव्हती. तेव्हा अंबादासांनी डबे झाळता झाळता नवस बोलून टाकला. श्याम धडधाकट परत आला, तर ग्वारीघाटावर नर्मदेचं पाणी भरून सायकलने रामटेकला नेईन, आणि रामनवमीला दुपारच्या जन्माआधी रामाच्या पायावर घालीन. वाटेत ते जमिनीला टेकू देणार नाही.

श्याम आला. हसतखेळत आला, वहिनीच्या हातचं खाऊन जाड झाला. पण रामनवमीनंतर त्याला पुन्हा सीमेवर जायचं होतं, आणि अंबादासांच्या मनाने घेतलं की, नवस मोडला तर पोराच्या डोक्यावरचा रामाचा हात निघेल. म्हणूनच एवढी झाळाझाळी. झाल्यावर शरयूबाईंनी पाण्याची बादली उचलून धरली आणि त्यांनी चंबू दोरीने तिच्यात सोडला, तळाला न टेकवता. एक बुडबुडा नाही!

"दादा, मी येतो सोबत," श्याम म्हणाला.

"नको. माझा नवस आहे. मला कोणाची मदत लागत नाही."

हे वाक्य अंबादासांच्या तोंडात बसलेलं होतं. उसनं मीठ घेणार नाहीत, शेजाऱ्याची शिडी मागणार नाहीत. कोणाचे उपकार घेतले की मान कायमची वाकते, असा त्यांचा हिशेब.

चैत्राचं ऊन. हँडलला चंबू, कॅरियरला दशम्या, आणि निघाली स्वारी. रात्री चंबू झाडाला टांगायचा आणि खाली आपण आडवं व्हायचं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, पण लखनादौनच्या अलीकडे मागचं चाक बसलं.

आता पंचाईत बघा. सायकल उलटी केल्याशिवाय चाक निघत नाही, आणि सायकल उलटी केली की हँडल जमिनीवर. आसपास झाड म्हणावं असं एकही नाही. अंबादासांनी चंबू गळ्यात घातला आणि वाकले. चंबूने देवळातल्या घंटेसारखा नाकावर टोला हाणला. पुन्हा वाकले, पुन्हा टोला.

बकऱ्या चारणारी एक म्हातारी हे बघत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लाओ भैया, मैं पकड़ लूँ. नाक बची रहेगी तो रामजी को मुँह दिखाओगे!"

अंबादास घुटमळले. मग चंबू तिच्या हातात दिला. पंक्चर निघेपर्यंत म्हातारी उन्हात उभी राहिली. शेवटी चंबू कपाळाला लावून तिने परत केला, आणि बकऱ्यांमागे चालती झाली. काही म्हणायला हवं होतं, हे अंबादासांना छपाऱ्याचा पूल ओलांडल्यावर सुचलं.

कुरईच्या घाटात चेन तुटली. तिथे एका सरदारजी ट्रकवाल्याने चंबू धरला, वर विनोदही सांगितले. अंबादास या वेळी पुटपुटले, "अच्छा." त्यांच्या मानाने हे भाषणच होतं.

रामनवमीच्या सकाळी ते रामटेकची गडपायरी चढले. गर्दी मावत नव्हती, गाभाऱ्याशी पोचेपर्यंत दुपार होत आली. पुजारी म्हणाले, "जबलपूरहून? वा! उघडा, जन्माला वेळ थोडाच आहे."

उघडा!

अंबादासांनी झाकण फिरवलं. हलेना. सायकलचा पाना लावला, तो सटकला. फॅक्टरीतले डबे झाळताना ते दुसऱ्याने कसे उघडायचे, हा विचार या माणसाला कधी करावाच लागला नव्हता. एका हाताने चंबू धरावा तर जोर लागेना, दोन्ही हात लावावे तर चंबू टेकवावा कुठे? गाभाऱ्यात पाळण्याच्या दोऱ्या बांधल्या जात होत्या. डोळ्यांपुढे श्याम आला, ट्रंक उचलून निघालेला.

आणि आयुष्यात पहिल्यांदा अंबादास खडतकर मोठ्याने ओरडले, "अहो, कोणी जरा धरता का?"

काय सांगू! चार बाजूंनी हात आले. एक हारवाला, एक पोलीस, एक नऊवारीतल्या आजी. पायरीवर उपासाचे साबुदाणावडे तळणारा शालिग्राम कढई सोडून धावला आणि म्हणाला, "झाळलेलं आहे ना? मग विस्तवानेच सुटेल. माझी सळई तापवतो." तिघांनी ओल्या फडक्यात चंबू अधांतरी धरला. अंबादासांनी लाल सळई झाकणाभोवती फिरवली. झाळ पाझरली, झाकण टणकन उडालं. चंबू घेऊन ते आत शिरले, रामाच्या पायावर धार धरली, तेवढ्यात बाहेर शंख वाजला.

डोळे मिटले, हात जोडले, तर पुढे राम दिसेना. बकऱ्यांवाली म्हातारी दिसली, ट्रकवाला दिसला. बाहेर येऊन अंबादासांनी हारवाल्याला, पोलिसाला, आजींना वाकून नमस्कार केला. मान वाकली, आणि गंमत म्हणजे काही दुखलं नाही.

"वडे जळाले ना तुमचे?" त्यांनी शालिग्रामला विचारलं.

"रामाच्या नावाचे होते. त्यानं करपलेले खाल्ले," शालिग्राम म्हणाला. "तुम्ही चांगले खा."

श्याम सीमेवर गेला आणि नोकरी पुरी करून परतही आला. कांचघरला मात्र नवे अंबादास मिळाले. शिडी मागायला शेजारी, लोणच्याची बरणी उघडायला पलीकडे. "जरा धरता का?" म्हणत कोणालाही हाक मारायचे आणि काम झालं की चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. शरयूबाई म्हणायच्या, "रामानं यांचंही झाकण उघडलं!"

म्हातारपणी एका सकाळी ते ओट्यावर बसले होते, हातात भरलेला चहाचा कप, शेजारी पेन्शनीतला श्याम. कप एकाएकी कलला. श्याम पुढे झाला. अंबादासांनी कप त्याच्या हातात दिला, भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाले,

"धर जरा, श्याम. खाली नको ठेवू."