म्हस्कूतात्या आणि चुकलेल्या दोन सुया

माझे थोरले चुलते म्हस्कूतात्या माणसाचं तोंड बघत नसत, पाय बघत. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. कोण लंगडतंय आणि कोण मागं राहतंय, एवढंच त्यांच्या डोळ्यांना कळायचं. थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा सगळे मुलाची नोकरी विचारत होते, आणि तात्या कोपऱ्यातून म्हणाले, "पोरगं डावी टाच टेकत न्हाई." चौकशी केली तर मुलाच्या बुटात खिळा निघाला. उंचीला तात्या एवढे, की आटपाडीच्या स्टँडवर उभे राहिले की एसटी कुठल्या वळणावर आहे ते तिथूनच सांगत. यात थोडी भर माझी आहे. आमच्या घरात खोटं कुणी बोलत नाही, नुसतं फुगवून सांगतात, आणि ही विद्या मी तात्यांकडूनच घेतली.

मी नऊ वर्षांची असताना माझं लंगडणंही त्यांनीच ओळखलं. घसा धरून ताप येऊन गेला होता, त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मग एक दिवस गुडघा टम्म सुजला. दोन दिवसांनी तो उतरला आणि घोटा धरला, मग मनगट. आई म्हणाली, पडली असेल कुठंतरी. तात्यांनी मला अंगणात चार पावलं चालायला लावलं.

"हे पडल्याचं न्हाई," ते म्हणाले. "दुखणं चरत फिरतंय हिच्या अंगात. आज हितं, उद्या तितं."

त्याच दिवशी त्यांनी मला खांद्यावर टाकून आटपाडी गाठली, आणि तिथून सांगली. वडील फौजेत, लांब कुठंतरी बर्फात. आईच्या पदरात तान्हा भाऊ. त्यामुळं माझ्या दुखण्याचे धनी तात्याच झाले. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून समजावलं. हा संधिवाताचा ताप, सांध्यांना सोडून जाईल पण हृदयाच्या झडपा धरेल. पोरीला पडून राहू द्या, आणि दर एकवीस दिवसांनी सुई द्या. बरी दिसली तरी द्या, मोठी होईपर्यंत द्या.

त्या सुईचं काय सांगू. औषध दह्यासारखं घट्ट, आणि सुई बैलगाडीच्या कण्याएवढी. मी आटपाडीच्या दवाखान्यात किंकाळी फोडली की थेट विट्याच्या बाजारातली माणसं वळून बघत. तात्या मला घट्ट धरत आणि कानात लांडग्याची गोष्ट सांगत. त्या लांडग्याला त्यांनी म्हणे घोंगड्यात गुंडाळून आठ दिवस राखणीला ठेवला होता. सुई निघाली की गोष्टही थांबायची. "ऱ्हायलेलं फुडल्या सुईला," असं म्हणायचे. पुढच्या सुईपर्यंत लांडगा हातभर वाढलेला असायचा.

दिवाळीनंतर आमची मेंढरं दरवर्षी कडेगावकडं जात. तिकडचे बागायतदार ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी. तोवर मी बरी झाले होते. सूज नाही, ताप नाही, आणि हृदय बहुतेक वाचलंय असं बाई म्हणाल्या होत्या. पोरीला मोकळी हवा लागेल म्हणून तात्यांनी मला घोडीवर बसवून बरोबर नेलं. आईनं सुईच्या तारखांचा कागद त्यांच्या पटक्यात खोचला.

पहिली तारीख आली तेव्हा तळ एका ओढ्याकाठी होता. तात्या मला दवाखान्यात न्यायला घोडी तयार करत होते. मी म्हणाले, डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला सांगितलंय, दुखत नसेल तर सुई नको. आणि खात्री पटावी म्हणून ओढ्यावरून उडी मारून दाखवली. तो ओढा कृष्णेएवढा रुंद होता असं मी पुढं सांगत असे; खरं तर वीतभर पाणी होतं. तात्या माझ्या पायांकडं बघत राहिले. मेंढरानं लंगडा पाय टेकला की औषध बंद, ही कळपाची रीत. माझं खोटं त्या रीतीत चपखल बसलं.

"पाय टेकतीय की," ते म्हणाले, आणि घोडी परत चरायला सोडली. दुसरी तारीखही तशीच गेली.

त्यानंतर ताप परत आला. या खेपेला सांधे कमी आणि धाप जास्त. तात्या कळप तिथंच दुसऱ्याच्या भरवशावर टाकून मला सांगलीला घेऊन आले. बाई तपासून म्हणाल्या की एका झडपेला इजा झालीय, ती आता पहिल्यासारखी होणार नाही. तात्यांनी विचारलं, ऐकू येतं का ते? बाईंनी आपली नळी त्यांच्या कानात घातली. तात्यांनी आधी स्वतःच्या छातीचा आवाज ऐकला, मग माझ्या. त्यांचं तोंड बघून मला पुढं कित्येक दिवस एकही थाप सुचली नाही.

बाहेर आल्यावर म्हणाले, "फाटक्या भात्यागत वाजतंय. माज्यामुळं झालं हे."

खोटं मी बोलले होते, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, तात्या, भूक लागलीय.

त्या वर्षापासून तात्या मेंढरांमागं गेले नाहीत. कळप धाकट्या चुलत्याकडं दिला. उभ्या जन्मात छपराखाली न झोपलेला माणूस माझ्या खाटेशेजारी घोंगडं टाकून झोपू लागला. कित्येक महिने मला उठायची बंदी होती. तेवढे दिवस मला उचलून अंगणात नेणं, आत आणणं, सगळं तेच करत. नंतर शाळेतही खांद्यावरून नेलं, पार सहावीपर्यंत. पोरी हसायला लागल्या की मी सांगायची, हा आमचा उंट आहे, वडिलांनी राजस्थानातून पाठवलाय. तात्या लगेच उंटासारखी मान हलवत. दिवाळीनंतर कळप निघाला की ते वस्तीच्या टोकाला जाऊन उभे राहत, शेवटच्या मेंढराचे पाय दिसेनासे होईपर्यंत. मग घरी येऊन आईला विचारत, सुईला किती दिस ऱ्हायले. एकही सुई पुन्हा चुकली नाही. लांडग्याची गोष्ट मात्र त्यांनी परत कधी सांगितली नाही. मी फारच मागं लागले तर म्हणत, "मेला गं त्यो लांडगा."

आता मी एकतीस वर्षांची आहे. विट्यात शिवणकाम करते, जिना चढताना दोनदा थांबते, आणि कधीतरी झडप बदलावी लागेल हे मला ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात तात्यांनी अंथरूण धरलं. मी जाऊन त्यांच्या पायाशी बसले. एवढ्या उंच माणसाचे पाय काटकुळे झाले होते. ते दाबता दाबता मी बोलून टाकलं.

"तात्या, बाई तसं काही म्हणाल्या नव्हत्या. ओढ्यावर मी खोटं सांगितलं तुम्हाला."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "ठावं हाय," ते म्हणाले. "तवाच ठावं हुतं. डाक्टरीण तुला एकटीला सांगंल व्हय?"

तात्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला.

"तुजं रडणं सोसत नव्हतं गं मला. म्हणून खरं मानलं."

तिसऱ्या दिवशी ते गेले. चढाची वाट आहे, तुला धाप लागेल, तू मातीला येऊ नको, असं सगळे म्हणाले. मी गेले. वाटेत तीनदा खाली बसले, आणि तीनही वेळा तात्यांना खांद्यावर घेतलेली माणसं पुढं न जाता माझ्यासाठी उभी राहिली.