जाळीची कपाटं आणि आमचं दुकान

रंधा मारला की भुसा पडणारच. किस्स्यांचंही तसंच, कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच! कसबा बावड्यात आमचं दुकान होतं. सुतारकाम माझं, पॉलिश भागीदार बाबूभाईचं. सत्तरच्या दशकात घरोघरी स्वयंपाकघरात दूध-भाकरीसाठी जाळीचं लाकडी कपाट असायचं, आणि त्याची दुखणी आमच्याकडं!

*

मुरगूडच्या एका पाटलांच्या कपाटाला वाळवी लागली. "मागच्या बाजूनं जरा राकेल लावा," मी म्हटलं. पाटलांनी आतून-बाहेरून न्हाऊ घातलं! त्याच दिवशी मटणाचा बेत, आणि तांबडा रस्सा झाकून ठेवला त्याच कपाटात. पहिल्याच भुरक्याला पावण्यानं वाटी खाली ठेवली.

"पाटील, रस्सा स्टोव्हवर शिजवला का स्टोव्हात?"

*

मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची पद्धत. शेजारच्या मास्तरीणबाई रोज न चुकता वाट्या भरायच्या. गल्लीतलं मांजर पाणी प्यायला यायला लागलं. पाणी पिऊन मान वर केली, की समोर जाळीत दूध!

बाई दुकानात येऊन म्हणाल्या, "बाबूभाई, मुंग्या गेल्या, पण मांजर राहायला आलं!"

*

ओलं पॉलिश म्हणजे आमच्या जिवाला घोर. एका घरी राखणीला आजोबांनाच बसवलं. संध्याकाळी गेलो तर आजोबा छाती पुढं काढून सांगतात, "कुणाला हात लावू दिला न्हाय! ह्ये बघा, हितं, हितं, अन् हितं!" प्रत्येक 'हितं'ला पॉलिशवर एक बोट उमटलेलं!

*

पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार अडकतं. हातकणंगल्याच्या एका पैलवानाला मी बजावून सांगितलं, "ओढू नका, मी येतो." दुसऱ्या दिवशी गडी खांद्यावर दार घेऊन आमच्या दारात!

"उघडायचं काम झालंय. आता बंद तेवढं करून द्या!"

*

आणि तानूआक्का! त्यांची सून शेवंता पोटुशी. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं, त्यामुळं सगळ्यांचा जीव टांगणीला. आम्ही त्यांच्या कपाटाची जाळी बदलत होतो, तर शेवंता हळूच म्हणाली, "दुपारी लई भूक लागती वो. पर दार कुरकुरतंय, सासूबाईंस्नी ऐकू जातंय. लाज वाटती. तेवढं तेल घाला."

घातलं! बिजागऱ्यांना तेल, कडांना मेणबत्ती. दार असं फिरायला लागलं की आम्हीच चार वेळा उघडून बघितलं. मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

आठवड्यानं तानूआक्का दुकानात हजर. "माझ्या कपाटाला काय केलंसा? आवाज कुठं गेला?"

माझं डोकंच फिरलं. "आक्का, पोटुशी पोर हाय. खाऊ द्या की तिला!"

"मला शिकवतोस व्हय? लाडवांचा डबा कोण भरतंय? दुपारी भायेरच्या सोप्यात डोळं मिटून पडायचं, दार कुरकुरलं की कळायचं, पोरीनं खाल्लं! आता काय कळायचं? डब्यात हात घालून लाडू मोजत बसू? तिला समजलं तर खायचीच बंद हुईल! आठ दिस जिवाला चैन न्हाय माझ्या."

माझी मान खाली गेली. बाबूभाईनं हत्यारांची पिशवी उचलली आणि एवढंच विचारलं,

"आक्का, आवाज किती मोठा पायजे?"

"सोप्यापातूर आला म्हंजे झालं!"