फक्त उच्च दर्जा

आमच्या टीम लीडइतका दीडशहाणा माणूस मी पाहिलेला नाही, आणि चौक गावापासून कर्जतपर्यंत बंगले बांधायला येणारे शहाणे मी पुष्कळ पाहिलेत. त्याचाही एक बंगला चौकजवळ आहे. आम्ही कानाच्या मशीनचं ब्लूटूथ सॉफ्टवेअर लिहितो. फोनवरचं बोलणं थेट मशीनमध्ये जायचं तर फोन आणि मशीनचं आधी ठरावं लागतं, आवाज कोणत्या दर्जाचा पाठवायचा. सिग्नल अपुरा पडला की दर्जा एक पायरी खाली आणायचा. आवाज जरा चिरका येतो, पण शब्द कळतात. ही खाली उतरायची सोय मी केली होती.

साहेबांनी ती काढून टाकली. बंगल्यावरच्या बंद एसी खोलीत फोन टेबलावर आणि मशीन वीतभर अंतरावर, ही त्याची चाचणी. गाणं लावलं, डोळे मिटून मान डोलावली आणि म्हणाला, "हलका आवाज आपल्या मालाला शोभत नाही. फक्त उच्च दर्जा ठेवा." मी विरोध केला तर म्हणे, "तू कर्जतला राहतोस ना, म्हणून असा विचार करतोस." उचलली जीभ लावली टाळ्याला. बाकीचे नंदीबैलासारखे माना हलवत बसले.

माझी आई हीच मशीन वापरते. तिचा फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला आणि ती स्वयंपाकघरात. तिथूनच, मशीनच्या माइकवरून, मोहोपाड्याच्या धाकट्या बहिणीशी रोज गप्पा. नवं सॉफ्टवेअर आलं आणि बोलणं तुटायला लागलं, एक शब्द येई, चार गडप होत. आईला वाटलं, फोनवरचं ऐकण्याइतकेही आपले कान उरले नाहीत. आयुष्यभर वर्गात पोरांना "नीट ऐका" म्हणून दटावत आलेली बाई, पुन्हा पुन्हा "काय म्हणालीस?" विचारायची तिला लाज वाटली. ती नुसतं "हं, हं, छान" म्हणत राहिली. मलाही बोलली नाही.

पुढे मावशीचे फोन बंद झाले. मग तिच्या कॉलनीतल्या एका ओळखीच्याकडून कळलं की तिचे यजमान, आमचे काका गेले, तेराव्यापर्यंत सगळं उरकलंसुद्धा. मी आईला घेऊन तसाच निघालो.

मावशीने दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. "ताई, डॉक्टरांनी आशा सोडली, असं मी तुला फोनवर सांगत होते. तू काय म्हणालीस? छान, छान, सावकाश होऊ दे."

समोरचं बोलणं त्या मशीनमधून स्वच्छ ऐकू येतं. आईने ते सगळं ऐकलं. मी मध्ये पडून मशीनचं सांगायला लागलो, तर मावशीने दार लावून घेतलं.

साहेबांना कळवलं. उत्तर आलं, "आईंना म्हणावं, फोन जवळ ठेवा." नाचता येईना अंगण वाकडं! या माणसाला शिव्या घालायलाही माझी जीभ विटाळते.

शेवटी आईच्या मशीनमध्ये ती सोय मीच परत घातली. स्वयंपाकघरात उभं राहून तपासलं, बोलणं नीट येत होतं. मशीन तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "आता फोनवर सगळं ऐकू येईल."

तिने ती ओट्यावर ठेवली. "आता कुणाचा फोन यायचाय?"