बंदरावर आज पाणी

सरांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण नेरच्या बसस्टँडवर रोज सकाळी ते समुद्राचं हवामान सांगायचे.

स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. बाहेरच्या फळ्यावर मी लिहिते : आधार, पॅन, सातबारा. त्याखाली सर खडूनं एक ओळ घालायचे, ‘तिकडे : पाऊस, वारा जोरात.’ तिकडे म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं एक बारकं गाव. त्यांचा एकुलता मुलगा तिथल्या हॉटेलात नोकरीला होता. सर भूगोलाचे रिटायर मास्तर, बायको गेलेली. मी त्यांना खुर्ची दिली ती मायेनं नव्हे. उभे राहिले की गिऱ्हाइकांची वाट अडायची.

त्या गावाची माहिती ते माझ्याकडून प्रिंट करून घेत आणि खुर्चीत बसून शिकवल्यासारखी सांगत. जंगलातलं लाकूड न्यायला जहाजं यायची, म्हणून बंदर झालं. रेल्वे आली आणि जहाजं थांबली. मग मासे डब्यात भरायचा कारखाना निघाला, तोही बसला.

“म्हणजे बंदर बंद पडलं,” सर म्हणाले.

दारव्हा गाडीचे कंडक्टर तिकिटाचं मशीन चार्जिंगला लावायला आले होते. त्यांनी दचकून विचारलं, “कायनं पडलं वो सर? करंट लागला का त्याले?”

आमच्याकडे हिंदी इतकी मिसळलेली, की बंदर म्हटलं की आधी शेपटीच दिसते. तेव्हापासून ते बंदरसर झाले. कंडक्टर रोज चिडवायचे, “सर, बंदराले केळं देल्लं का आज?” सर रागावत नसत. कोणीतरी विचारतंय, एवढं त्यांना पुरत असावं.

“मंग आता चालते काय तिथं?” मी एकदा विचारलं.

“म्हातारे,” सर म्हणाले. “पोरं शहरात जातात, म्हातारे राहतात. त्याईच्यावरच दवाखाने, दुकानं, समदं चालते.”

“म्हणजे आपलं नेरच की.”

“हो. पण त्याईले समुद्र हाय.”

सरांना तिथं एकदा जायचं होतं. पासपोर्ट मीच काढून दिला. व्हिसाचा फॉर्म भरून ठेवला. फक्त मुलाचं बोलावण्याचं पत्र हवं होतं. ते माझ्या ईमेलवर येणार होतं. “आलं का वो बाई?” सर रोज विचारत. मी मेल उघडून बघत असे आणि नाही म्हणत असे. असं दोन वर्षं चाललं.

मग मेल आला. मुलानं लिहिलं होतं, मी ते गाव सोडलं, किनाऱ्यापासून दूर आत खाणीवर नोकरी मिळाली, राहायची सोय नाही, तूर्त येऊ नका. मी वाचून दाखवलं. गुंडाळून सांगणं मला जमत नाही. सरांनी चष्मा पुसला आणि घरी गेले. त्या दिवशी ओळ कोरीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, खडू घेतला आणि लिहिलं, ‘तिकडे : ऊन.’

“सर, आता तिथं आपलं कोण आहे?”

“काहून? गाव तर हाय ना.”

यंदा दिवाळीआधी सर झोपेतच गेले. मुलगा चौथ्या दिवशी पोचला. तेरवी आटोपून मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्सला माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला सरांनी दुकानातच ठेवलेली, त्या गावाच्या प्रिंटांची जाडजूड फाइल दिली. त्यानं उभ्यानंच चाळली.

“एवढं तर मलाही माहीत नव्हतं,” तो म्हणाला. फाइल बॅगेत मावेना. ती माझ्याकडेच राहिली.

तो गेल्यावर मी फळा धुतला. सरांच्या ओळीच्या जागी ‘पासपोर्ट फोटो’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी कंडक्टर मशीन घेऊन आले. फळ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “बंदरावर आज पाणी हाय का?”

मी मोबाईलवर तिकडचं हवामान पाहिलं, पाऊस दाखवत होता. “आहे,” म्हटलं, आणि खडू शोधायला लागले.