वाफेचा चावा

पेंढ्याच्या उडवीतून फुसफुस ऐकू आली तर ती वाफ असते, असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं.

तेव्हा मी पोशीरच्या शाळेत मास्तर होतो. आमच्या शेतकरी घरात शिकलेला पहिलाच. त्यामुळे भूत, भानामती, अंगारे, गंडे यांपैकी कशावरही माझा विश्वास नव्हता. विश्वास फक्त छापलेल्या अक्षरावर! दर आठवड्याचं वर्तमानपत्र आगगाडीने नेरळला यायचं आणि मी ते छातीशी धरून चालत घरी आणायचो. (माझ्या माहेरच्या माणसांना आणायला तुमी एवढ्या हौसेनं कधी गेला नाय, असं बायकोचं म्हणणं.)

मळणी नुकतीच संपली होती. एका रविवारी सकाळी बायको गोठ्याकडून धावत आली.

"अवं, उडवीत फुसफुसतंय! जनावर हाय!"

जनावर म्हणजे साप. त्याचं नाव घेतलं तर तो हाक मारल्यासारखा येतो, अशी तिची समजूत.

"जनावर नाही, वाफ," मी म्हणालो. "पेंढा ओला राहिला की आतून तापतो आणि वाफ सुटते. परवाच छापून आलंय."

"वाफंला शेपूट असतंय? मी डोळ्यानं बघितलं!"

"भास झाला तुला."

माझा थोरला भाऊ, दादा, शेजारीच बैलांना चारा घालत होता. तो म्हणाला, "अरं, ती एवढं सांगतेय तर काठीनं ढोस की रं."

काठी? वाफेला काठी! मी बाही वर सारली, कोपरापर्यंत हात उडवीत घातला आणि दोघांकडे वळून म्हणालो, "हे बघा, शास्त्र असं सांगतं..."

वाफ चावली.

हात बाहेर काढला तर मनगटावर रक्त! जे काही चावलं होतं ते सरसरत आणखी आत गेलं.

"भावजी, चांगू भगताला आणा!" बायको किंचाळली.

"खबरदार!" मी ओरडलो. "मंत्रतंत्र या घरात चालणार नाही. माझे जुने अंक आण!"

दादाने दंडाला दोरी करकचून बांधली आणि मला घरात आणून बसवलं. बायकोने अंकांचा गठ्ठा आणून पुढ्यात टाकला. एका हाताने पानं उलटायची, घाम टिपायचा आणि मरण्याच्या आत मजकूर शोधायचा! शेवटी सापडला. 'सर्पदंशावर उत्तम उपाय: ब्रांडी. लक्षणे वाढतील तसतसा पेला वाढवावा.' खाली लक्षणं दिली होती. जीभ जड होणे, पापण्या मिटणे, एकाचे दोन दिसणे, पाय लुळे पडणे.

पोशीरमध्ये ब्रांडी कुठली! दादा आतल्या खोलीत गेला आणि भाताच्या कणगीमागून मोहाच्या दारूची बाटली घेऊन आला.

"औसदाला ठेवलीय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. (तीन वर्षं मी या माणसाला दारूबंदीवर व्याख्यानं देत होतो, आणि तो माना डोलवत होता!)

पहिल्या पेल्याने घसा जळाला. जन्मात कधी थेंब घेतला नव्हता. दुसरा घेतला आणि थोड्या वेळाने मी म्हणालो, "दादा, जीब जल झाली."

"काय झाली?"

"जल! जल!"

"इख चढलं!" दादाने तिसरा भरला. तो पोटात जातो न जातो तोच पापण्या मिटायला लागल्या. सगळं अगदी छापल्याप्रमाणे! मी दादाकडे बघितलं.

"तू... किती आहेस?"

"येकच हाय रं मी!"

"दोन आहात!"

दादाने हंबरडा फोडला आणि चौथा पेला भरला. मी उठायला गेलो, पाय नव्हतेच. आता एकही लक्षण बाकी राहिलं नव्हतं. पाळण्यात आमची सात महिन्यांची पोर हात हलवत होती. हिला माझा चेहरासुद्धा आठवणार नाही, असं मनात आलं आणि मी मोठ्याने रडू लागलो. बायको माझे तळवे चोळत होती. तिचे हात माझ्यापेक्षा गार.

"भगताला बोलवा!" मी ओरडलो. "कुणालाही बोलवा!"

"तो मगापासून वटीवर बसलाय," ती म्हणाली. "शेजारणीकडून निरोप धाडला व्हता. तुमी वसकाल म्हनून आत येत नव्हता."

चांगू भगत म्हणजे डोंगरातल्या वाडीवरचा वाळका म्हातारा. तो आला, पाण्याने माझं मनगट धुतलं, उजेडाकडे धरून बारकाईने बघितलं. मग वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला. नंतर त्याने दादाला विचारलं, "काठी कुटं हाय?"

"काठी नको, मंत्र!" मी त्याच्या पायांना मिठी मारली. "आधी मंत्र म्हणा!"

तो खाली बसला. माझ्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटत राहिला. माझा श्वास हळूहळू सावकाश झाला. मरण असं असेल तर वाईट नाही, असं वाटलं, आणि डोळे मिटले.

उठलो तेव्हा उन्हं कलली होती आणि डोकं फुटत होतं. दोरी सोडलेली होती. भगत ओटीवर बसून भाकरी खात होता.

"धामण व्हती, मास्तर," तो म्हणाला. "उडवी उपसली तशी गेली शेताकडं. तिला इख नसतंय. इखारी जनावराच्या दोन दातांची खूण असती. तुमच्या हातावर बारीक दातांची ओळच्या ओळ हाय. बघितलं तवाच कळलं."

म्हणजे त्याने पाहिलं, तपासलं, मग ठरवलं. शास्त्राला दुसरं काय लागतं! हे सगळं मी करायला हवं होतं. मला एकदम भयंकर राग आला.

"कळलं होतं, मग मंत्र कशाला म्हटलात? ही तर फसवणूक झाली! विष नाही तिथे सापाचा मंत्र?"

"सापाचा कुटं म्हनलो?" चांगू भगताने शांतपणे घास गिळला. "लेकरू रडायचं थांबत नाय तवा म्हनत्यात, त्यो म्हनलो."

वाद घालायला मी उठलो, आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. कारण खरं सांगायचं तर, गुण आला होता.