नथवाली हत्तीण माझी नाही

कमलताई, गुडघे कसे आहेत? बापू, शुगर उतरली का? इंदूरच्या सूनबाई, बाळाचा खोकला गेला का?

सगळे बरे असा.

शकूमावशी काल गेली. मी तिचा चोर आहे.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. आमच्या शहराच्या लष्कर भागात, दौलतगंजात, लग्नघराच्या दारापाशी भिंतीवर गणपती, कलश, हत्ती रंगवतात. आमच्या शेजारची शकूमावशी हे काम चाळीसेक वर्षं करत होती. मराठी घर असो की हिंदी, बोलावणं तिलाच.

दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती काढायची रीत. मावशी एका बाजूला हत्तीण काढायची आणि तिला नथ घालायची.

मी विचारलं होतं, "मावशी, हत्तिणीला नथ?"

"अरे, लग्न आहे ना घरात? मग दारात दोन्ही बाप्येच कसे उभे करू?"

नया बाज़ारातल्या बायका मुद्दाम सांगायला यायच्या, "मौसी, वो नथवाली ही बनाना."

मी दफ्तरातून रिटायर झालो आणि ब्रश धरला. शिकवायला कुणी नव्हतं. दोन वर्षं खिडक्या, कबुतरं, सुरया काढल्या. एकातही जीव नव्हता.

मग एका दुपारी मावशीच्या भिंतीपुढे तासभर उभा राहिलो. घरी येऊन नथवाली हत्तीण कॅनव्हासवर काढली. मोठी, निळी.

आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय.

प्रदर्शनात तीच गाजली. एका पत्रकार मुलीनं विचारलं, "अंकलजी, इन्स्पिरेशन कहाँ से मिला?"

मावशी मागेच उभी होती. ठेवणीतली साडी नेसून आली होती.

मी म्हणालो, "क़िले के पत्थरों से. रोज़ सुबह वहीं बैठता हूँ."

परतताना टेंपोत मावशी म्हणाली, "किल्ल्यावर कधी गेलास रे? तुला तर आमचा जिना चढवत नाही."

मी हसलो. ती हसली नाही.

"माझं नाव नको घेऊस बाबा. पण ते दगडाला कशाला देतोस?"

पुढच्या प्रदर्शनात सांगेन, असं मनाशी ठरवलं. पुढचं झालं. त्याच्या पुढचंही झालं. जीभ काही उचलली नाही.

तोवर लोक दारात फ्लेक्स लावू लागले. मावशीला बोलावणं येईना. आणि तिच्या जुन्या भिंती दिवाळीच्या पुताईत एकेक करून चुन्याखाली गेल्या.

काल स्मशानात तिचा पुतण्या चारचौघांत मला म्हणाला, "काका, काकू तुमची फॅन होती. आपकी हथिनी देख-देख के दीवारों पे बनाती थी."

मी मान खाली घातली.

लोकांना तो माझा नम्रपणा वाटला.

रात्रभर तोंड कडू होतं. म्हणून आज लिहितो. हत्तीण शकूमावशीची आहे. मी फक्त उतरवून घेतली, आणि ती हयात असताना कबूल केलं नाही.

माझ्या बोलण्यावर आता कुणी विश्वास का ठेवावा? तेव्हा एवढं करा. लष्कर भागातल्या जुन्या लग्नांचे अल्बम काढा. तुमचे, आईवडिलांचे. वरात दारात आल्याचा फोटो असतो, त्यात नवऱ्याकडे बघू नका, मागच्या भिंतीकडे बघा. नथ दिसली तर तो फोटो लग्नाचं साल लिहून मला पाठवा. माझं चित्र किती नंतरचं, ते सगळ्यांना दिसू दे.

मावशी, नमस्कार करतो. माफी मागायची वेळ मी घालवली.

फोटो असेल त्यांनी लवकर लिहा. फार दिवस लावू नका.